तळहाताला ऊन लागत नाही

येवल्याच्या स्टँडवर मोहिनी एसटीतून उतरली, तेव्हा तिच्या आईनं, नवसाबाईंनी, आधी तिच्या मागून उतरणाऱ्या बाईकडं पाहिलं. समोर उभी असलेली आपलीच लेक आहे हे त्यांच्या लक्षात आलं ते तिनं "आई" अशी हाक मारल्यावर.

"अगं माझे बाई," नवसाबाई म्हणाल्या.

दीड वर्षापूर्वी मोहिनीचं लग्न होऊन ती नाशिकजवळ मखमलाबादला गेली होती. माहेरी ती पैठणीच्या मागावर बसायची. वडिलांनी तिला लहानपणापासून शिकवलं होतं आणि पदरावरचा मोर ती त्यांच्याइतकाच सफाईनं विणायची. दिवसभर घराच्या सावलीत काम. त्यामुळं रंग मुळात उजळ आणि उन्हाशी गाठ कमीच. सासर मात्र शेतीवाल्यांचं. झेंडू, मेथी, कोथिंबीर पिकवायची आणि रोज नाशिकच्या बाजारात पाठवायची. नवरा सोमनाथ, सासू लंकाबाई आणि ती, एवढीच माणसं.

आता दिवाळीला आलेल्या मोहिनीचा चेहरा राखेचा हात फिरवल्यासारखा दिसत होता. गालफडं बसली होती. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर, मानेवर काळे डाग होते. पिशवी उचलायला गेली तर तिला धाप लागली.

"शेतात राबवतात का गं तुला?" घरी आल्यावर नवसाबाईंनी पहिला प्रश्न हा विचारला.

"नाही गं. श्रावणापासून मी शेतात जातच नाही. होतच नाही मला."

"मग घरातलं सगळं तुझ्यावर टाकलं असंल."

मोहिनी गप्प बसली. खरं सांगायचं तर लंकाबाई तिला बोलल्या होत्या. श्रावणात तिला मळमळायला लागलं, चक्कर यायला लागली, तेव्हा लंकाबाईंना गोड बातमीची आशा वाटली. चार दिवस त्यांनी सुनेला जागचं हलू दिलं नाही. तसं काही नाही हे कळल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला. "चार जुड्या बांधल्या की बसली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. मोहिनीला त्याचा राग यायचा, पण त्याहून जास्त शरम वाटायची. सकाळी उठतानाच अंगातलं सगळं बळ कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं. आपण खरंच आळशी झालोत की काय, असं तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं.

तिच्या गप्प बसण्याचा नवसाबाईंनी त्यांना हवा तो अर्थ घेतला.

भाऊबीज झाली आणि सोमनाथ मोटरसायकलवर बायकोला न्यायला आला. नवसाबाईंनी त्याला ओट्यावरच उभं केलं.

"जावईबापू, पोरगी दिली तेव्हा कशी होती आणि आता कशी झाली, जरा बघा. चांगली सोन्यासारखी होती. पार कोळसा करून धाडली तुम्ही."

गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. सोमनाथ मान खाली घालून उभा राहिला. तो मुळात कमी बोलणारा. "मोहिनीला विचारा," एवढंच तो म्हणाला.

"तिला काय विचारायचं? ती बोलती का काही? ती इथं राहणार. बरी झाली म्हंजे बघू."

मोहिनी आत भिंतीला टेकून उभी होती. बाहेर जाऊन बोलावं असं तिला वाटत होतं, पण उंबऱ्यापर्यंत चालत जायचं आणि इतक्या लोकांसमोर तोंड उघडायचं, एवढं बळ तिच्यात नव्हतं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज तिनं ऐकला आणि ती खाली बसली.

सोमनाथनं घरी जाऊन जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. तरी 'कोळसा' हा शब्द लंकाबाईंपर्यंत पोहोचलाच. "नाय यायचं तर राहू दे," त्या म्हणाल्या. "सावलीतली पोरगी आपल्याला झेपायची नाय, हे मी आधीच म्हणलं होतं."

इकडं नवसाबाईंनी लेकीला उजळवायचं मनावर घेतलं. सकाळी हळद आणि डाळीचं पीठ, संध्याकाळी साय आणि लिंबू. लिंबानं गाल चुरचुरायचे. औषधांच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून एक क्रीम आणलं, त्यानं दोन दिवस बरं दिसलं आणि मग चेहरा लाल होऊन सोलायला लागला. ते बंद केलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. बाहेर जाणं तर बंदच होतं. वडील, तिचे दादा, मागावर बसलेले असायचे आणि मोहिनी त्यांच्याजवळ रेशीम गुंडाळून कांड्या भरत बसायची. थोड्याच वेळात तिचे हात गळून जायचे.

"राहू दे गं," वडील म्हणायचे. "पड जरा."

ऊन तोडलं, काम तोडलं, तरी काळेपणा वाढतच गेला. साडीची गाठ बसते तिथं कमरेभोवती काळा पट्टा उमटला. मनगटावर लहानपणी तवा लागल्याचा डाग होता, कधीचा पांढरा पडलेला. तो आता शाई सांडल्यासारखा काळा झाला. ओठांच्या आतल्या बाजूलाही डाग आले. जेवण जाईना. चालायचं ते फक्त खारट. पेरूची फोड मिठात बुडवून खायची, लोणच्याच्या बरणीतला खार बोटानं चाटायची. एकदा नुसतं मीठ तोंडात टाकताना नवसाबाईंनी तिला पकडलं आणि रागावल्या. "अशानं रक्ताचं पाणी व्हतं!"

रोज आंघोळीनंतर नवसाबाई तिचा चेहरा उजेडाकडं वळवून बघायच्या. बघून झालं की काही न बोलता हात काढून घ्यायच्या. मोहिनीला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढं पुढं ती आंघोळच उशिरा करू लागली, आई भाजी आणायला गेली की.

डिसेंबर सरत आला. मखमलाबादला सोमनाथ निम्मं ताट टाकून उठायचा. लंकाबाईंनी ते बरेच दिवस पाहिलं. मग एका सकाळी त्यांनी मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि मुलाला न सांगता एसटी पकडली. सुनेची आठवण येत होती असं काही त्या कबूल करणार नव्हत्या. कोळसा म्हणणाऱ्या बाईला एकदा समोर उभं राहून जाब विचारायचा, असं त्यांच्या मनात होतं.

त्या नवसाबाईंच्या दारात पोहोचल्या तेव्हा अकरा वाजून गेले असतील.

"मी काय कोळसा केला ते बघायला आले," त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं.

नवसाबाईंनीही पदर खोचला. "बघा की. आत पडलीय. डोळं भरून बघा."

आतल्या खोलीत मोहिनी गोधडीवर पडलेली होती. सासूचा आवाज ऐकून तिनं उठायचा प्रयत्न केला. "आत्याबाई, पाणी घेता?" तिनं विचारलं आणि तो आवाज ऐकून लंकाबाईंचं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं. त्या खाली बसल्या. खोलीत अंधार होता म्हणून त्यांनी खिडकीचं दार ढकललं.

"पोरी, काय झालं गं हे तुझं?"

त्यांनी मोहिनीचा हात हातात घेतला. नाडी वगैरे काही त्यांना कळत नव्हती, नुसता घ्यायचा म्हणून घेतला. तो थंडगार होता. तळहात उलटा झाला आणि लंकाबाई बघत राहिल्या. हातावरची प्रत्येक रेष काळी होती. पेनानं गिरवून ठेवावी तशी.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "इकडं या जरा."

नवसाबाई दारातच उभ्या होत्या.

"मी तिला उन्हात राबवली म्हणता ना? म्हणा. पण तळहाताला कुठं ऊन लागतंय? आन् दोन महिने ती तुमच्या घरात हाय. मग हे वाढलं कसं?"

नवसाबाई वाकल्या. लेकीचा चेहरा त्यांनी रोज पाहिला होता, तळहात कधी उघडून पाहिला नव्हता. त्यांनी दुसरा हात उघडला. तोही तसाच.

"उन्हाचं नाय हे," लंकाबाई म्हणाल्या. "आतलं काहीतरी हाय. चूक तुमची नाय, माझीबी नाय."

नवसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काही उत्तर द्यायच्या आत मोहिनी तोंडावर हात धरून उठली, मोरीकडं दोन पावलं गेली, भडभडून ओकली आणि तिथंच कोसळली.

शेजारच्यांनी गाडी काढली. येवल्यात दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी बीपी पाहून सलाईन लावलं आणि तडक नाशिकला न्यायला सांगितलं. मागच्या सीटवर दोघी विहिणींच्या मध्ये मोहिनी. तिचं डोकं नवसाबाईंच्या खांद्यावर आणि पाय लंकाबाईंच्या मांडीवर. सलाईनची बाटली लंकाबाईंनी वर धरली होती. दुसऱ्या हातानं त्यांनी सोमनाथला फोन लावला आणि त्याला हॉस्पिटलमध्ये यायला सांगितलं.

विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले होते. बाजार भरलेला, पुढची रांग हलेना. चालक नुसता हॉर्न वाजवत बसला. लंकाबाईंनी बाटली नवसाबाईंच्या हातात दिली, त्या खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ दादा! मागं घ्या ट्रॅक्टर! माझी पोर हाय गाडीत! कांदा कुठं पळून जात नाय तुमचा!"

एकानं ट्रॅक्टर वळवला, दुसऱ्यानं ट्रॉली कडेला दाबली. तीन-चार जण उतरून पुढच्यांना ओरडू लागले. गाडी निघाली. लंकाबाई धापा टाकत आत बसल्या आणि त्यांनी बाटली परत हातात घेतली. नवसाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. 'माझी पोर' हे त्यांनी ऐकलं होतं.

नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी डॉक्टर पल्लवी बोरस्ते होत्या. चाळिशीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या. बीपी मोजता येईल-न येईल एवढंच होतं. सलाईनचा वेग वाढवत त्यांनी मोहिनीचा खालचा ओठ बोटानं ओढून पाहिला, हिरड्या पाहिल्या, मग तळहात, मग मनगटावरचा जुना डाग.

"हा काळेपणा कधीपासून?"

"दिवाळीला आली तेव्हा मी पाहिला," नवसाबाई म्हणाल्या.

"लगीन झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच पेरं काळी दिसत होती," लंकाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, झेंडूचा चीक."

"मीठ जास्त खाते का?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं हो?" नवसाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी रक्त काढायला सांगितलं आणि रिपोर्टची वाट न बघता एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत मोहिनीनं डोळे उघडले होते. खोलीत कोण कोण आहे ते तिनं एकेकाकडं पाहून मोजलं आणि म्हणाली, "भूक लागलीय." कित्येक महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. सोमनाथ धावत खाली कँटीनमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "शरीराला रोज लागणारं एक रसायन त्या तयार करतात. ताप आला, धक्का बसला, उपास घडला, तर ते जास्त लागतं. मोहिनीच्या ग्रंथींनी ते बनवणं जवळजवळ थांबवलंय. बऱ्याचदा क्षयामुळं असं होतं, म्हणून तीही तपासणी केली. ती नाही निघाली. तिच्या शरीरानंच चुकून स्वतःच्या ग्रंथींवर हल्ला केलाय."

"आन् रंग?" लंकाबाईंनी विचारलं.

"ग्रंथी काम करेनात, की मेंदू त्यांना ओरडून ओरडून हुकूम सोडतो. त्याच हुकमानं कातडी रंग बनवायला लागते. म्हणून जिथं घासतं, जिथं घडी पडते, जिथं जुना व्रण असतो, तिथं जास्त. अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून ती मीठ मागत होती. ती आळस करत नव्हती आणि हट्टही करत नव्हती."

पलंगावर पडलेली मोहिनी हे ऐकत होती. शेवटचं वाक्य ऐकून तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. तिचे खांदे हलताना सोमनाथला दिसले.

"लिंबू, हळद, क्रीम," नवसाबाई पुटपुटल्या.

"त्यानं काही झालं नसतं, नुसती कातडी दुखली. सगळेच काळे डाग या आजाराचे नसतात बरं. कुणाचे साखरेमुळं असतात, कुणाचे घासून घासून झालेले असतात, कुणाचे गरोदरपणातले. म्हणून आधी कारण शोधायचं, मग लावायचं ते लावायचं. मोहिनीला लावायचं काहीच नाही. गोळ्या घ्यायच्या."

"कुठल्या?" सोमनाथनं विचारलं.

"स्टिरॉइडच्या."

सोमनाथचा चेहरा पडला. "ते वाईट असतं म्हणतात."

"ज्याच्या अंगात आहे त्यानं उगाच घेतलं तर वाईट. हिच्या अंगात नाहीच. शरीर जेवढं बनवतं तेवढंच आपण बाहेरून द्यायचं. पण जन्मभर. एकही दिवस चुकवायचा नाही. ताप आला तर दुप्पट. उलट्या व्हायला लागल्या तर थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. एवढं सांभाळलं तर ती काम करेल, मुलंबाळं होतील, सगळं."

त्या दुपारी दोघी विहिणी व्हरांड्यातल्या बाकावर चहा पीत बसल्या होत्या.

"मी गल्लीत बोलले ना," नवसाबाई खाली बघत म्हणाल्या. "आता इथं कोपऱ्यात बसून चुकलं म्हणते, त्याला काय अर्थ हाय?"

"मीबी वस्तीवर बोलले. आळशी म्हणलं तिला," लंकाबाई म्हणाल्या. "जिथं बोललो, तिथंच चुकलं म्हणून निघू दे दोघींच्या तोंडून."

आत सोमनाथ पलंगाजवळ स्टुलावर बसला होता. मोहिनी बराच वेळ त्याच्याकडं बघत होती.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"दिसलं होतं."

"मग?"

"बोललो तर तुला वाईट वाटंल, असं वाटलं. म्हणून तिकडं बघायचंच नाही, असं करायचो."

"आणि मला वाटायचं, माझ्याकडं बघवत नाही म्हणून तुम्ही तोंड फिरवता."

सोमनाथनं तिचा हात घेतला, उघडला आणि त्या काळ्या रेषांवरून अंगठा फिरवला. "दुखतं का?" त्यानं विचारलं. मोहिनीला हसू आलं. "रेष कधी दुखती का?" ती म्हणाली, पण हात तिनं काढून घेतला नाही.

डिस्चार्जच्या दिवशी नवा वाद उभा राहिला. नवसाबाईंनी येवल्याची गाडी ठरवली होती आणि लंकाबाईंनी घरी तिच्यासाठी खोली सारवून ठेवली होती. हॉस्पिटल इथंच आहे, मखमलाबाद जवळ, असं लंकाबाईंचं म्हणणं. आजारी पोरीनं आईकडं राहावं, हे नवसाबाईंचं. आवाज चढायला लागले.

"मला कुणी विचारणार का?" मोहिनी म्हणाली.

दोघी थांबल्या.

"भाऊबिजेलाही कुणी विचारलं नव्हतं. आता मी सांगते. डॉक्टरांना परत दाखवायचंय तोवर मी मखमलाबादला राहीन. मग महिनाभर येवल्याला. दादांचा पदर अर्धा राहिलाय मागावर, तो मला पुरा करायचाय. मग परत येईन. आणि दोन्ही घरांत कुणी माझं तोंड उजेडात धरून बघायचं नाही."

हे शेवटचं कुणासाठी होतं ते नवसाबाईंना कळलं. त्यांनी मान हलवली आणि ठरवलेल्या गाडीला नको म्हणून फोन केला.

गोळ्या सुरू झाल्या. बळ लवकर आलं, रंग मात्र निवांत ओसरत गेला. आधी गाल मोकळे झाले, मग मान. पेरांवरचे डाग फिकट झाले. मार्चमध्ये मोहिनी येवल्याला गेली, तेव्हा नवसाबाईंनी तिला घरात घेण्याआधी गल्लीत ओट्यावर बसवलं आणि शेजारणींना हाका मारून बोलावलं. "दिवाळीत मी हिच्या सासरला नाही नाही ते बोलले," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "खोटं होतं ते. पोर आजारी होती आणि मला कळलं नाही. हिच्या सासूनं ओळखलं आणि हिला वाचवलं." एक शेजारीण मध्येच म्हणाली, "पण उजळली हां मोहिनी! कोणतं क्रीम लावती गं?" नवसाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की तिनं पुन्हा विचारलं नाही.

मोहिनीनं महिन्याभरात पदर पुरा केला. वडील शेजारी बसून नुसते बघत होते.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा मोहिनीनं मनगट पुढं केलं. तव्याच्या डागाचा काळा रंग तसाच होता.

"हा जाईल?"

"फिका होईल. पूर्ण जाईलच असं नाही सांगत."

"राहिला तर राहिला," मोहिनी म्हणाली आणि बांगड्या खाली सरकवल्या.

त्या वर्षी दसऱ्याला झेंडू भरपूर आला. लंकाबाई नको नको म्हणत असताना मोहिनी उजाडताच सोमनाथबरोबर टेम्पोत बसली आणि फुलबाजारात गेली. गिऱ्हाईक अंगावर येत होतं. तिनं फुलं तोलली, भाव केला, एकाशी कडाकडा भांडलीही. दुपारी माल संपला तेव्हा पाठ भरून आली होती, पाय दुखत होते. परतताना टेम्पोत ती सोमनाथच्या खांद्याला टेकली.

"दमलीस?" त्यानं घाबरून विचारलं.

"दमले," ती म्हणाली. "तुम्हीही दमलात ना?"

"लय."

"मग झालं तर," मोहिनी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. घर येईपर्यंत तिला गाढ झोप लागली होती.